चोरट्या डिकोडरचा माग आणि निर्दोषावर येणारा आळ

प्रमेय (धागाकर्ता)

पैसे भरलेल्या ग्राहकांनाच पाहता यावेत असे चित्रपट किंवा थेट प्रक्षेपण कूटबद्ध करून सर्वांना एकदमच पाठवले जाते आणि ते उलगडणाऱ्या किल्ल्या फक्त ग्राहकांच्या यंत्रांत असतात. चांगले कूटलेखन बाहेरच्या माणसाला फोडता येत नाही, असे गृहीत धरायला हरकत नाही. धोका असतो तो आतल्या माणसाचा. एखादा ग्राहक आपल्या यंत्रातली किल्ली काढून विकतो, किंवा काही ग्राहक संगनमत करून आपापल्या किल्ल्यांच्या मिश्रणातून एक चोरटा डिकोडर तयार करतात आणि तो असंख्य लोकांच्या हाती जातो. असा डिकोडर पकडला गेला तर त्यामागचा फितूर ग्राहक कोण हे गणिताच्या आधारे सांगता येईल का, हा प्रश्न बेनी शोर, अमोस फिआट आणि मोनी नाओर यांनी १९९४ सालच्या क्रिप्टो परिषदेत मांडला आणि तेव्हापासून फितुरांचा माग काढणे ही क्रिप्टोग्राफीची एक स्वतंत्र शाखा झाली.

या शाखेचा संपूर्ण आढावा घेण्याचा माझा हेतू नाही. माग काढण्याच्या प्रत्येक योजनेत दोन प्रकारच्या चुका संभवतात: फितूर सुटतो, किंवा निर्दोष अडकतो. चर्चा बहुतेक वेळा पहिल्या चुकीचीच होते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे आणि ती टाळण्याची गणिती किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी आहे, हे मला आकड्यांनिशी दाखवायचे आहे.

आधी १९९४ च्या योजनेतली सर्वांत साधी कल्पना पाहू. समजा, किल्ल्यांच्या १००० ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत २०० किल्ल्या आहेत. प्रत्येक ग्राहकाला प्रत्येक ओळीतली यदृच्छेने निवडलेली एक, अशा १००० किल्ल्या मिळतात. चित्रपट ज्या किल्लीने कूटबद्ध केला आहे तिचे १००० भाग असे पाडले जातात की सगळे भाग हाती आल्याशिवाय तिच्याविषयी काहीच कळू नये. मग पहिला भाग पहिल्या ओळीतल्या प्रत्येक किल्लीखाली, म्हणजे २०० वेळा, कूटबद्ध करून पाठवायचा. दुसरा भाग दुसऱ्या ओळीतल्या किल्ल्यांखाली. आणि याप्रमाणे शेवटपर्यंत. चोरटा डिकोडर चालायचा असेल तर त्यात प्रत्येक ओळीतली निदान एक किल्ली असलीच पाहिजे. त्या किल्ल्या दहा जणांनी मिळून पुरवल्या असतील, तर त्यांनी वाटणी कशीही केली तरी त्यांच्यापैकी किमान एकाच्या १०० किंवा अधिक किल्ल्या डिकोडरमध्ये सापडणारच. याउलट, ज्याचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही अशा ग्राहकाची किल्ली एखाद्या ओळीत योगायोगाने जुळण्याची शक्यता २०० मध्ये १ आहे, म्हणजे १००० ओळींत सरासरी ५ किल्ल्या जुळतील. एकीकडे १०० आणि दुसरीकडे ५, या दरीवर सगळा निवाडा उभा आहे. ओळी वाढवल्या की दरी आणखी निर्विवाद होते.

या योजनेचे ओझे मात्र मोठे आहे. एक किल्ली पोहोचवण्यासाठी दोन लाख कूटबद्ध तुकडे प्रक्षेपित करावे लागतात. त्यानंतरच्या तीस वर्षांतले बरेचसे संशोधन हे ओझे कमी करण्यासाठीच झाले.

दुसरा प्रवाह किल्लीवर नव्हे तर प्रतीवरच ठसा उमटवणारा आहे आणि त्याची मुळे फार जुनी आहेत. छापील लॉगॅरिदमच्या कोष्टकांत काही निवडक संख्यांच्या अखेरच्या अंकांत मुद्दाम सूक्ष्म चुका ठेवल्या जात आणि प्रत्येक प्रतीतल्या चुकांच्या जागा वेगळ्या असत. कोणी ते कोष्टक चोरून छापले की मूळ प्रत ओळखता येई. पण दोन खरेदीदारांनी आपल्या प्रती शेजारी ठेवून ताडून पाहिल्या तर फरक असलेल्या जागा लगेच उघड होतात. डॅन बोने आणि जेम्स शॉ यांनी १९९५ मध्ये याच अडचणीला नेमके गणिती रूप दिले. त्यांचे गृहीतक असे: संगनमत करणाऱ्यांना फक्त त्याच खुणा दिसतात ज्या त्यांच्या प्रतींत भिन्न आहेत, ज्या खुणा सर्वांच्या प्रतींत सारख्या आहेत त्या त्यांना सापडत नाहीत, म्हणून बदलताही येत नाहीत. दिसलेल्या खुणा त्यांनी हव्या तशा मिसळल्या तरी निदान एक गुन्हेगार सापडावा अशी सांकेतिक शब्दांची रचना त्यांनी केली. तिची लांबी संगनमतातल्या व्यक्तिसंख्येच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढत होती. गाबोर तार्दोश यांनी २००३ मध्ये ती वर्गाच्या प्रमाणात आणली आणि यापेक्षा कमी प्रमाण शक्यच नाही हेही सिद्ध केले.

तार्दोश यांच्या मूळ सूत्रात ठशाची लांबी म्हणजे १०० गुणिले संगनमतातल्या व्यक्तिसंख्येचा वर्ग, गुणिले एका निर्दोषावर आळ येण्याच्या शक्यतेच्या व्यस्ताचा नैसर्गिक लॉगॅरिदम. ग्राहक १० लाख, संगनमत जास्तीत जास्त १० जणांचे, आणि संपूर्ण ग्राहकवर्गात एकाही निर्दोषावर आळ येण्याची शक्यता हजारात एक, असे धरले तर दरडोई शक्यता १०० कोटींत एक ठेवावी लागते. तिचा लॉगॅरिदम सुमारे २१ आणि ठशाची लांबी २,१०,००० बिट. आता निर्दोषांची सुरक्षितता हजार पटींनी वाढवा: लॉगॅरिदम २८ होतो आणि लांबी २,८०,००० बिट, म्हणजे फक्त एक तृतीयांशाने जास्त. उलट दहाऐवजी वीस जणांच्या संगनमताला तोंड द्यायचे ठरवा: लांबी एकदम चौपट, ८,४०,००० बिट. फितुरांची अधिक मोठी टोळी पकडण्याची हाव महाग पडते. निर्दोषाला अधिक सांभाळणे स्वस्त पडते. म्हणून जागा अपुरी पडली तर काटकसर टोळीच्या आकाराच्या गृहीतकात करावी, आळाच्या उंबरठ्यात कधीही करू नये, असे माझे ठाम मत आहे. या विषयाच्या इतर बाजू जाणणाऱ्यांनी अवश्य लिहावे.


मृण्मयी

मांडणी आवडली, परंतु एक मूलभूत शंका आहे. फितुराने आपली किल्ली कशासाठी द्यावी? तो स्वतःच्या यंत्रावर चित्रपट उलगडून उलगडलेली फाइलच वाटू शकतो, किंवा त्या एका चित्रपटाची किल्ली तेवढी जाहीर करू शकतो. ती किल्ली सर्वांनाच सारखी असल्यामुळे तिच्यावरून काहीच कळणार नाही. मग ओळी-किल्ल्यांची ही सगळी रचना कोणत्या शत्रूविरुद्ध आहे?


प्रमेय

शंका अगदी रास्त आहे आणि ती केवळ तात्त्विक नाही. ब्लू-रे व एचडी डीव्हीडी यांच्या एएसीएस या संरक्षण व्यवस्थेत नेमके हेच घडले. त्या व्यवस्थेचा पाया दलित नाओर, मोनी नाओर आणि जेफ लॉट्सपीच यांनी २००१ मध्ये मांडलेल्या योजनेवर आहे. तीत सर्व यंत्रे एका द्विशाखी वृक्षाची पाने मानली जातात आणि ‘या उपवृक्षातली सर्व यंत्रे, त्यातला हा छोटा उपवृक्ष वगळून’ अशा गटांना किल्ल्या दिल्या जातात. वृक्षाला ३२ पातळ्या असल्या, म्हणजे ४०० कोटींहून अधिक यंत्रे असली, तरी प्रत्येक यंत्रात सुमारे ५०० किल्ल्या ठेवून भागते, आणि १००० यंत्रे रद्द करायची असतील तर जास्तीत जास्त १,९९९ गटांसाठी किल्ली पाठवावी लागते.

२००७ च्या फेब्रुवारीत या व्यवस्थेतली १२८ बिटांची एक प्रक्रिया-किल्ली फुटली आणि मे महिन्यात ती इंटरनेटवर सर्वत्र पसरली. ती कोणत्या यंत्रातून फुटली हे त्या संख्येवरून सांगता येत नव्हते, कारण तोपर्यंत एकही यंत्र रद्द झालेले नसल्यामुळे सर्व यंत्रे एकाच गटात होती आणि त्या गटाची किल्ली सर्वांना समान होती. वृक्ष कितीही सुंदर असला तरी सर्वांनी मिळून धरलेल्या किल्लीवर कोणाचाही ठसा नसतो. नंतरच्या तबकड्यांवर नव्या किल्ल्या आल्या आणि त्या फुटलेल्या किल्लीचा उपयोग जुन्या तबकड्यांपुरता उरला.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: किल्लीचा माग हा चोरट्या डिकोडरच्या विरोधात आहे आणि ठशाचा माग हा चोरट्या प्रतीच्या विरोधात आहे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात तिसराही प्रकार आहे. एका अधिकृत कार्डाकडून काही सेकंदांनी बदलणाऱ्या अल्पकालीन किल्ल्या मिळवून त्या नेटवरून इतर शेकडो पेट्यांना पुरवल्या जातात. तिथे दीर्घकालीन किल्ली कार्डाबाहेर कधी पडतच नाही.


अनाहत

प्रतीवरच्या ठशाबद्दल थोडे तपशिलात लिहितो, कारण नेटवरून होणाऱ्या प्रसारणात आज प्रत्यक्षात हाच मार्ग प्रामुख्याने वापरला जातो.

चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन आवृत्त्या सर्व्हरवर ठेवल्या जातात. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. दोन्हींत डोळ्यांना न जाणवणारा पण यंत्राला वाचता येणारा वॉटरमार्क असतो. प्रत्येक ग्राहकाला अ-ब-ब-अ असा वेगळा क्रम मिळतो आणि तो क्रम म्हणजेच त्याचा ठसा. या पद्धतीचा मोठा फायदा असा की प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र व्हिडिओ तयार करावा लागत नाही. साठवण फक्त दुप्पट होते.

आता प्रमेय यांचे सूत्र इथे लावून पाहू. तुकडा ६ सेकंदांचा धरला तर दोन तासांच्या चित्रपटात १२०० तुकडे, म्हणजे १२०० बिट. फितूर एकटाच असेल आणि वॉटरमार्क निर्दोष वाचता आला, तर १० लाख ग्राहकांतून त्याला ओळखण्यासाठी २० बिट, म्हणजे दोन मिनिटांची फीत पुरते. पण संगनमत आले की चित्र पालटते. तार्दोश यांचा १०० हा गुणक पुढच्या संशोधनाने मोठ्या संगनमतांसाठी ५ च्या आसपास आणला आहे. तो घेतला तरी दहा जणांसाठी सुमारे १०,००० बिट लागतात. १२०० बिटांत जेमतेम तिघांचे संगनमत पेलते. म्हणून एका चित्रपटावर निवाडा न करता, एकाच स्रोतातून फुटत राहिलेल्या अनेक चित्रपटांतले पुरावे जोडत जावे लागते. अमोस फिआट आणि तामिर तासा यांनी १९९९ मध्ये मांडलेला गतिमान माग याच परिस्थितीत उपयोगी पडतो: चोरटे प्रक्षेपण चालू असतानाच ते पाहायचे, त्यात कोणती आवृत्ती दिसते त्यावरून संशयितांचा गट पुढच्या तुकड्यासाठी नव्याने विभागायचा, आणि असे करत फितुरापर्यंत पोहोचून त्याचा पुरवठा तिथेच तोडायचा. थेट सामन्याच्या प्रक्षेपणात सामना संपल्यावर मिळालेल्या उत्तराला फारशी किंमत नसते, त्यामुळे ही दिशा मला विशेष महत्त्वाची वाटते.

चित्रपटगृहांसाठी तर हा ठसा मानकाचाच भाग आहे. डिजिटल सिनेमाच्या डीसीआय मानकानुसार प्रत्येक पाच मिनिटांच्या चित्रफितीत ३५ बिटांची माहिती उमटवावी लागते: १६ बिट वेळेसाठी आणि १९ बिट त्या यंत्राच्या किंवा ठिकाणाच्या क्रमांकासाठी. कॅमेऱ्याने पडद्यावरून चित्रीकरण केलेल्या प्रतीतही ती वाचता यावी अशी अपेक्षा आहे.


केतकी

अनाहत यांच्या शेवटच्या उदाहरणातच माझा आक्षेप दडलेला आहे. ते ३५ बिट प्रक्षेपक कोणता आणि खेळ कोणत्या वेळचा एवढेच सांगतात. कॅमेरा घेऊन बसलेला प्रेक्षक कोण हे सांगत नाहीत. पुराव्याचा कायदा वाचणारी व्यक्ती म्हणून मला हे अंतर फार मोठे वाटते. ठसा किल्लीपर्यंत नेतो, किल्ली यंत्रापर्यंत नेते, आणि यंत्रापासून माणसापर्यंतचे शेवटचे पाऊल गणिताबाहेरचे असते. यंत्र चोरीला गेलेले असू शकते, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने वापरलेले असू शकते, त्यात कोणी बाहेरून शिरकाव केलेला असू शकतो. १०० कोटींत एक ही संख्या फक्त पहिल्या पावलाची आहे. ती संपूर्ण साखळीची खात्री म्हणून कोणापुढे मांडली गेली तर ती दिशाभूल ठरेल.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. प्रमेय यांनी वर्णन केलेल्या योजनेत प्रत्येक ग्राहकाच्या सर्व किल्ल्या सेवा पुरवणाऱ्याला ठाऊक असतात. म्हणजे त्याच्या कार्यालयातली एखादी व्यक्ती कोणाही ग्राहकाच्या किल्ल्या घालून चोरटा डिकोडर स्वतःच तयार करू शकते. ‘हा डिकोडर मी बनवला नाही, माझ्या किल्ल्या तुमच्याकडूनच फुटल्या’ असे ग्राहकाने म्हटले तर त्याला खोडून काढणारे काय आहे?


प्रमेय

दुसऱ्या मुद्द्याला क्रिप्टोग्राफीने उत्तर शोधले आहे. बिर्गिट फित्समन यांनी १९९६ मध्ये असममित मागाची कल्पना मांडली. तीत ग्राहकाला किल्ली देण्याचा व्यवहार दोघांमधल्या संवादातून असा घडतो की ग्राहकाची पूर्ण किल्ली पुरवठादाराला कधी कळतच नाही. तिचा एक भाग ग्राहकाने निवडलेला असतो आणि पुरवठादाराकडे त्याविषयीची फक्त बंदिस्त बांधिलकी असते, म्हणजे आत काय आहे ते न दाखवणारी पण नंतर बदलता न येणारी नोंद. चोरटा डिकोडर सापडला तरच पुरवठादाराच्या हाती असे काही लागते जे त्याला स्वतःहून निर्माण करता आले नसते, आणि तेच तो त्रयस्थ पंचापुढे ठेवू शकतो. ज्या व्यवस्थेच्या निष्कर्षावरून कोणावर कारवाई होणार आहे तिथे ही अट ऐच्छिक ठेवू नये असे मला वाटते. ती नसेल तर मिळणारा निष्कर्ष पुरवठादाराच्या अंतर्गत उपयोगापुरताच मानावा.

पहिल्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. सिंथिया ड्वर्क, जेफ लॉट्सपीच आणि मोनी नाओर यांनी १९९६ मध्येच एक वेगळा उपाय सुचवला होता: ग्राहकाची किल्ली त्याच्या एखाद्या संवेदनशील माहितीशी, उदाहरणार्थ क्रेडिट कार्डाच्या क्रमांकाशी, अशी गुंफायची की किल्ली देताना तो क्रमांकही द्यावा लागेल. त्यामुळे माग काढण्याची वेळच येऊ नये ही त्यामागची अपेक्षा. कल्पना अतिशय चतुर आहे. परंतु ज्याचे यंत्र चोरीला गेले त्याला ती दुहेरी शिक्षा देते, म्हणून मला ती स्वीकारार्ह वाटत नाही.


स्थिरबिंदू

आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, ती म्हणजे चोरटा डिकोडर उघडून त्यातल्या किल्ल्या वाचता येतात. प्रत्यक्षात तो एक बंद पेटी असतो. त्याचा कोड अस्ताव्यस्त करून ठेवलेला असतो आणि किल्ल्या मूळ स्वरूपात नसतातही. आपल्याला एवढेच करता येते: त्याला काहीतरी कूटबद्ध पाठवायचे आणि तो ते उलगडतो की नाही ते पाहायचे. एवढ्यावरून फितूर ओळखता येतो, आणि त्यामागचा युक्तिवाद या विषयातला सर्वांत देखणा युक्तिवाद आहे असे मी मानतो, म्हणून तो पूर्ण लिहितो.

ग्राहकांना १ पासून N पर्यंत क्रमांक द्या. समजा, आपल्याकडे अशी कूटलेखन पद्धत आहे की संदेश पाठवताना आपण एक क्रमांक i निवडतो आणि तो संदेश फक्त i किंवा त्यापुढचे क्रमांक असलेल्या ग्राहकांनाच उलगडता येतो. शिवाय i कोणता आहे हे संदेशावरून कळत नाही. i साठीचा संदेश आणि i+१ साठीचा संदेश यांतला फरक ओळखणे ज्याच्याकडे i क्रमांकाची किल्ली आहे त्यालाच शक्य आहे. नेहमीचे प्रक्षेपण i = १ धरून होते, म्हणून चोरटा डिकोडर तिथे जवळजवळ नेहमी यशस्वी होतो. i = N+१ असेल तर संदेश कोणालाच उलगडत नाही, म्हणून तिथे त्याचे यश शून्य. १ पासून N+१ पर्यंत जाताना यश पूर्णावरून शून्यावर उतरते, तेव्हा मधल्या कोणत्या तरी एका पायरीवर ते निदान १/N ने घसरलेच पाहिजे. ज्या पायरीवर लक्षणीय घसरण झाली ती i आणि i+१ मधली असेल, तर डिकोडरला त्या दोन संदेशांतला फरक कळला, आणि तो i ची किल्ली असल्याशिवाय कळूच शकत नाही. म्हणजे i हा फितूर. डिकोडर आत कसा बांधला आहे याच्याशी या युक्तिवादाचे काही देणेघेणे नाही, आणि फितूर दोन होते की दोन लाख, यानेही त्यात फरक पडत नाही.

अशी पद्धत प्रत्यक्षात कशी बांधायची आणि तिचा संदेश किती मोठा होतो, ही पुढची शर्यत. डॅन बोने, अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी २००६ मध्ये N च्या वर्गमुळाच्या प्रमाणातला संदेश साधला. १० लाख ग्राहकांसाठी स्थूलमानाने हजार घटक. मार्क झँड्री यांनी २०२० मध्ये पेअरिंग या बीजगणिती साधनाच्या आधारेच हे प्रमाण घनमुळापर्यंत आणले, म्हणजे त्याच ग्राहकसंख्येसाठी शंभराच्या घरात. ऋषभ गोयल, वेंकट कोप्पुला आणि ब्रेंट वॉटर्स यांनी २०१८ मध्ये जाळीवर (बिंदूंच्या नियमित मांडणीवर) आधारलेल्या एलडब्ल्यूई (थोडी चूक मिसळलेली समीकरणे सोडवणे अवघड असते) या गृहीतकावरून असा संदेश दिला की जो N च्या लॉगॅरिदमच्या घाताप्रमाणेच वाढतो. सिद्धान्ताच्या दृष्टीने हा फार मोठा टप्पा आहे.

निर्दोषाच्या दृष्टीने या युक्तिवादाचे विशेष असे की त्यात आळ हा योगायोगाच्या जुळणीवर नव्हे, तर कूटलेखनाच्या सुरक्षिततेवर टिकतो. निर्दोष i वर बोट दाखवले जायचे असेल तर त्याच्या किल्लीशिवाय कोणीतरी कूटलेखन तोडलेले असावे लागते, किंवा आपण प्रयोग इतके कमी केले असावेत की नैसर्गिक चढउतार घसरणीसारखा दिसला. यातली दुसरी शक्यता पूर्णपणे आपल्या हाती आहे; चाचण्या वाढवल्या की ती झपाट्याने नाहीशी होते.


मृण्मयी

डिकोडर इतका भाबडा असेल का? आपली चाचणी घेतली जात आहे असा संशय येताच तो स्वतःला बंद करून घेईल, किंवा आधीच्या संदेशांची आठवण ठेवून पुढची उत्तरे बदलेल.


स्थिरबिंदू

बरोबर, आणि या दोन्ही शक्यतांचा अभ्यास ॲगेलोस कियायस आणि मोती युंग यांनी २००१ पासून केला आहे. वरचा युक्तिवाद प्रत्येक चाचणीआधी डिकोडर मूळ स्थितीत आणता येतो असे धरतो. डिकोडर सॉफ्टवेअर असेल तर ते सोपे आहे. त्याची प्रत ठेवायची आणि प्रत्येक वेळी नव्याने सुरू करायचा. सीलबंद यंत्र असेल आणि त्याला स्मृती असेल, तर माग काढणे खरोखरच अवघड होते. अशा वेळी प्रमेय यांनी उल्लेखलेल्या वृक्षाच्या योजनेची एक सोय कामास येते. तिचा माग काढणारा भाग दोनपैकी एक गोष्ट देतो: एक तर फितूर यंत्र, नाही तर ग्राहकांची अशी नवी गटवारी की जिच्यात इतर सर्वांना चित्रपट दिसतो पण तो चोरटा डिकोडर निरुपयोगी ठरतो. म्हणजे कोणाचे नाव न घेताही नुकसान थांबवता येते.


शोधयात्री

या विषयाचा एक अनपेक्षित उपयोग नोंदवावासा वाटतो. सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की फितुरांचा माग आणि माहितीची गोपनीयता या एकमेकींच्या विरुद्ध बाजू आहेत. समजा, एका माहितीसाठ्यात प्रत्येक व्यक्तीची नोंद म्हणजे एक किल्ली आहे, आणि त्या साठ्याविषयी ‘हा संदेश यातल्या किती किल्ल्या उलगडतात’ अशा असंख्य प्रश्नांना अचूक उत्तरे देणारा, तरीही कोणाही एका व्यक्तीची नोंद उघड न करणारा सारांश आपण प्रसिद्ध केला. तर तो सारांशच एक चोरटा डिकोडर झाला. माग काढणारी पद्धत त्याच्यावर चालवली की ती साठ्यातल्या एका नेमक्या व्यक्तीकडे बोट दाखवणार, म्हणजे गोपनीयता भंगली. यावरून असा सारांश कार्यक्षम रीतीने करताच येत नाही, हे सिद्ध होते. बोने-शॉ यांच्या ठशांवरूनही २०१४ मध्ये मार्क बन, जोनाथन उलमन आणि सलिल वधान यांनी अशाच मर्यादा काढल्या. चोरी रोखण्यासाठी जन्मलेले गणित सर्वसामान्यांच्या खासगीपणाच्या सीमा आखण्यासाठी वापरले जाते, हे मला फार मोलाचे वाटते.


केतकी

स्थिरबिंदू यांनी सांगितलेली ‘नाव न घेता डिकोडर बंद’ ही सोय मला कायद्याच्या दृष्टीने सर्वांत आश्वासक वाटली. यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो. माग काढल्यावर होणाऱ्या कारवाया एकाच तोलाच्या नसतात: किल्ली बदलणे, सेवा थांबवणे, दावा लावणे. २००४ साली ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीने आपल्या एका सदस्याला काढून टाकले, कारण परीक्षणासाठी त्याला पाठवलेल्या चित्रपटांच्या प्रती नेटवर पसरल्या होत्या आणि त्यांवरच्या खुणा त्याच्याकडे घेऊन गेल्या. तिथे प्रती मोजक्या होत्या, प्रत्येक प्रत एकाच व्यक्तीच्या नावे होती आणि पुढचा तपासही झाला. लाखो ग्राहकांच्या सेवेत तसा तपास प्रत्येक वेळी होणार नाही. मग सर्व कारवायांना एकच उंबरठा लावणे योग्य आहे का?


प्रमेय

नाही, आणि सूत्रच तसे सुचवते. तार्दोश यांच्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाला गुण मिळतात. चोरट्या प्रतीतली खूण त्याच्या खुणेशी जुळली तर गुण वाढतात, न जुळल्यास कमी होतात, आणि दुर्मीळ खूण जुळली तर वाढ मोठी असते. ठसा एकदाच उमटवलेला असला तरी त्या गुणांवर एकाहून अधिक रेषा आखता येतात. खालच्या रेषेवर गेलेल्या यंत्राची किल्ली मुकाट्याने बदलावी आणि पुढच्या चित्रपटांत त्याच्या ठशावर अधिक लक्ष द्यावे. ग्राहक निर्दोष असेल तर त्याला याचा काहीही त्रास होत नाही, आणि किल्ली यंत्रातून चोरली गेली असेल तर त्याचे उलट भलेच होते. सेवा थांबवण्यासाठी वरची रेषा असावी आणि ती अनेक चित्रपटांच्या एकत्रित गुणांवर तपासावी. दावा लावायचा असेल तर तिसरी, त्याहून वरची रेषा, असममित पद्धतीने मिळालेला पुरावा आणि यंत्रापासून माणसापर्यंतचा स्वतंत्र तपास, असे तिन्ही हवे.

निर्दोष कधीच त्या सर्वांत वरच्या रेषेपर्यंत पोहोचू नये म्हणून लागणारी जादा लांबी किती, हे वर मोजलेच आहे: हजारपट सुरक्षिततेला एक तृतीयांश. अनाहत यांच्या १२०० तुकड्यांच्या हिशेबात सांगायचे, तर एका चित्रपटाऐवजी दीड चित्रपटाचा पुरावा जमेपर्यंत थांबले तरी ती सहज भरून निघते.